शिबिर निवडण्याआधी किल्ली कोणाकडे देणार?

(मंडळाच्या व्यापारी व व्यावसायिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर सभासदांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



मी कोणी मोठा वक्ता नाही. बी. कॉम. झालो आणि बँकेत लिपिक म्हणून लागलो, तेव्हापासून काऊंटरच्या आतल्या बाजूला बसून आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या पावत्या आणि चेक पाहत आलो आहे. मंडळापुढे सध्या एक प्रस्ताव आहे. आपल्या व्यापारी आणि उद्योजक सभासदांना काही दिवस धंद्यातून बाहेर काढून एखाद्या निवासी शिबिराला न्यावे, असा तो प्रस्ताव. कोणते शिबिर निवडावे यावर दोन-तीन बैठका झाल्या, आवाजही चढले. मग अध्यक्षसाहेब म्हणाले, बँकेतल्या माणसाला बोलवा, तो खर्चाचे सांगेल. मी खर्चाचे सांगणारच आहे, पण त्याआधी दुसरे एक सांगायचे आहे. त्यासाठी आपल्या जुन्या चालीकडे थोडे वळून पाहावे लागेल.

आपण या जिल्ह्यातली जुनी घरे. १९५६ साली भाषावार राज्ये झाली, तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबादेतून निघून पलीकडच्या राज्यात गेले आणि आपण इकडे राहिलो. पुढे २०१४ साली तेलंगण झाले. २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि आपली माणसे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि आसिफाबाद अशी वाटली गेली. मुलींची सासरे पैनगंगेच्या पलीकडे, दुकाने अलीकडे. कापूस, सरकी, अडत, कापड, किराणा, बी-बियाणे हे आपले धंदे, आणि ते चालत आले घराच्या भरवशावर.

आता मला सांगा, आपल्या आजोबांना शिबिर माहीत होते का? शब्द माहीत नव्हता, पण गोष्ट माहीत होती. आषाढीला पंढरपूर, माहूरची यात्रा, बासरला नातवाचे अक्षरलेखन. आजोबा आठ-पंधरा दिवस गादीवरून उठत आणि खुशाल जात. मागे धाकटा भाऊ गादीवर बसे, दिवाणजी रोजकीर्द लिहीत, तिजोरीची किल्ली आजीच्या कमरेला असे. आजोबा परत येत तेव्हा दुकान होते तिथेच असे. विसावा मिळण्यामागे देवदर्शन होतेच, पण धंदा एका माणसावर उभा नव्हता हेही तितकेच मोठे कारण होते.

आज काय आहे? भाऊ वेगळे झाले. मुलगा पुण्याला किंवा हैदराबादला कंपनीत. दिवाणजीची जागा कॉम्प्युटरने घेतली, आणि त्या कॉम्प्युटरचा पासवर्ड मालकाच्या डोक्यात. चेकवर सही मालकाची. जीएसटीचा ओटीपी मालकाच्या मोबाईलवर. व्यापाऱ्याला किती द्यायचे आणि कोणाकडून किती यायचे, हे मालकाच्या खिशातल्या चिठ्ठीवर. असा मालक यात्रेला गेला तरी गाभाऱ्याच्या रांगेत उभा राहून फोनवर भाव सांगत असतो. तो दुकानातून बाहेर गेला असे म्हणता येईल का?

काऊंटरवर पाहिलेली एक गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगणार नाही, बँकेच्या नोकरीत ते सांगताही येत नाही. एक दुकानदार अचानक आजारी पडून दवाखान्यात भरती झाले. अतिदक्षता विभागात अकरा दिवस. चालू खात्यात पैसा होता, पण खाते एकट्याच्या नावावर, कोणालाही अधिकारपत्र दिलेले नाही. घरच्या वहिनी पासबुक घेऊन आल्या. खात्यात रक्कम दिसते आहे, दवाखान्याचे बिल हातात आहे आणि पैसे काढता येत नाहीत. नोकरांचे पगार राहिले. सामाजिक लाज ती वेगळीच. तीन महिन्यांआधी एका कागदावर सही झाली असती, तर यातले काही झाले नसते. ते गृहस्थ बरे होऊन घरी आले ही देवाची कृपा. पण त्या अकरा दिवसांचे शिबिर त्यांनी निवडलेले नव्हते. दिवस आजाराने ठरवले होते.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे: शिबिर निवडण्याआधी किल्ली कोणाकडे देणार ते ठरवा. ज्याला हे ठरवता येत नाही, त्याने कोणतेही शिबिर निवडले तरी त्याला सारखेच.

आता आपल्यापुढे आलेले पर्याय एकेक करून पाहू.

पहिला पर्याय मोठ्या शहराजवळच्या रिसॉर्टमधले दोन-तीन दिवसांचे प्रेरणा शिबिर. मोठा हॉल, मोठा आवाज, टाळ्या, रात्री संगीत. तरुण मुलांना हे आवडते आणि त्यात वावगे काही नाही. चार नवीन ओळखी होतात. पण यातल्या बऱ्याच शिबिरांत पहिली पायरी स्वस्त असते आणि खरा माल दुसऱ्या-तिसऱ्या पायरीला विकायचा असतो. शेवटच्या दिवशी भारावलेल्या माणसाकडून पुढच्या वर्गाचे पैसे तिथेच भरून घेतात. भारावलेल्या अवस्थेत कोणी कापसाचा सौदा करतो का?

दुसरा पर्याय व्यवस्थापनाच्या शिक्षणाचा. हैदराबादला इंडियन स्कूल ऑफ बिझनेस २००१ पासून आहे, नागपूरला आयआयएम २०१५ पासून आहे. चालता धंदा असलेल्यांसाठी अशा संस्थांत थोड्या मुदतीचे वर्ग असतात. ज्याला धंदा वाढवायचा आहे, कर्जाचे आणि भांडवलाचे गणित नीट शिकायचे आहे, त्याने जरूर चौकशी करावी. मात्र तो अभ्यास आहे. डोके रिकामे करायला जाणाऱ्याने तिथे जाऊ नये.

तिसरा पर्याय शरीराच्या दुरुस्तीचा. पुण्याजवळ उरुळीकांचनला १९४६ साली गांधीजींनी निसर्गोपचाराचे काम सुरू केले आणि मणिभाई देसाईंनी ते पुढे वाढवले. गादीवर बसून साखर आणि रक्तदाब जमवलेल्यांना असे ठिकाण उपयोगी पडते. आपल्या डॉक्टरांना विचारून जावे आणि चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

चौथा पर्याय विपश्यनेचा. यावर सर्वांत जास्त वाद झाला, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ही पद्धत आपल्याकडे आणणारे सत्यनारायण गोयंका हे स्वतः व्यापारी. १९२४ साली ब्रह्मदेशात मंडाले येथे जन्म, तिथेच मोठा कारभार. त्यांना अर्धशिशीचा असा त्रास होता की मॉर्फिनची इंजेक्शने घ्यावी लागत. १९५५ साली ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे ऊ बा खिन कोण? १९१७ साली महालेखापालांच्या कचेरीत साधे कारकून म्हणून लागलेले आणि १९४८ साली ब्रह्मदेश स्वतंत्र झाला तेव्हा त्याच देशाचे महालेखापाल झालेले गृहस्थ. आम्हा कारकुनांना अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे. त्यांनी गोयंकांना आधी घ्यायचे नाकारले. केवळ डोकेदुखी घालवायला यायचे असेल तर येऊ नका, असा त्यांचा सांगावा होता. पुढे गोयंका १९६९ साली भारतात आले आणि २०१३ साली वारले.

इगतपुरीचे धम्मगिरी आपल्याला ऐकून माहीत आहे. मुंबईकडे जाणारी आपली नंदीग्राम एक्सप्रेस त्याच मार्गाने जाते. पण एवढे लांब जायलाच हवे असे नाही. हैदराबादचे धम्मखेत्त १९७६ पासून चालू आहे, निजामाबाद जिल्ह्यात पोचारमला केंद्र आहे, नागपूरजवळ माहुरझरीलाही आहे. खास व्यवसायातील अधिकारी मंडळींसाठी मुंबईत गोराईच्या पॅगोडाजवळ धम्मपत्तन येथे वेगळी शिबिरे होतात. शिकवण तीच असते.

नियम कडक आहेत, ते आधीच ऐकून घ्या. नाव दहा दिवसांचे असले तरी जाण्याचा आणि सुटण्याचा दिवस धरून बारा तारखा जातात. पहाटे ४ वाजता उठायचे. पहिले नऊ दिवस मौन. मोबाईल, पुस्तक, वही, पेन सगळे जमा. मधूनच निघून यायचे नाही. माळ, जप, पूजा, उपवास तेवढे दिवस बाजूला ठेवायला सांगतात. आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या नित्यपूजा आहे, माळकरी आहेत. ज्यांना ही अट जड वाटते त्यांनी जाऊ नये आणि जाणाऱ्यांनी त्यांना हिणवू नये. ज्यांना मानसिक आजार आहे किंवा त्यासाठी औषध चालू आहे, त्यांनी अर्जात ते लपवू नये. केंद्रवालेच अशा व्यक्तींना हे शिबिर झेपणार नाही असे सांगतात.

आणि पैसा? शिकवण्याची, राहण्याची, जेवणाची फी नाही. आधी ज्यांनी पूर्ण शिबिर केले त्यांच्याच दानावर ते चालते. ज्याने एकही शिबिर पूर्ण केलेले नाही, त्याचे दान घेत नाहीत. व्यापारी माणसाला हे ऐकून आश्चर्य वाटते. माल आधी वापरून पाहा आणि मग मनाला येईल ते द्या, असा हा व्यवहार आहे.

मग यातले कोणते घ्यावे? मी कोणाचा दलाल नाही. पण पारख कशी करावी ते सांगतो. आपल्या मार्केट यार्डात कापसाची गाडी आली की आधी ओलावा पाहतात. सीसीआयचे माप ८ टक्क्यांचे, त्यावर ओलावा गेला की भाव कापतात, १२ च्या वर गेला की घेतच नाहीत. शेतकऱ्याच्या कापसाला जेवढे तपासतो, तेवढे शिबिराला का तपासू नये?

ओलावा पाहायचे माझे पाच प्रश्न असे. एक, पूर्ण खर्च किती, आणि पुढच्या पायरीला पैसे मागणार आहेत का? दोन, पक्के बिल मिळेल का, आणि जाता आले नाही तर पैसे परत कसे मिळतील हे लिहून देतात का? तीन, जो मला आग्रह करतो आहे त्याला माझ्या नावावर काही सुटते का? चार, तिथे माझा फोन बंद राहील का? फोन चालू असेल तर ती सहल झाली, सहलीचे पैसे सहलीइतकेच द्यावेत. पाच, परत आल्यावर सोमवारी सकाळी दुकानात मी कोणती एक गोष्ट वेगळी करणार आहे? पाचव्याचे उत्तर येत नसेल तर थोडे थांबावे.

आता किल्लीची गोष्ट. ही बँकेतली असल्यामुळे मी अधिकाराने सांगू शकतो. चालू खात्यावर विश्वासातल्या दुसऱ्या व्यक्तीला व्यवहाराचा अधिकार देता येतो, त्याचा नमुना बँकेत मिळतो. भागीदारी असेल तर कोणी सही करायची हे सर्व भागीदारांच्या सहीने कळवता येते. वारसाचे नाव लावले की काम झाले असे पुष्कळांना वाटते. पण ते नाव खातेदार गेल्यानंतर उपयोगी पडते, खातेदार जिवंत असून आजारी असेल तेव्हा नाही. इंटरनेट बँकिंगमध्ये धंद्याच्या खात्याला दुसरा वापरकर्ता घेता येतो, त्याला रकमेची मर्यादा घालता येते. जीएसटीच्या पोर्टलवर दुसरा अधिकृत सहीदार नेमता येतो. ई-वे बिलासाठी हाताखालच्या माणसाला वेगळे नाव-पासवर्ड करून देता येतात. हे सोडून आपण काय करतो? आपलाच पासवर्ड आणि ओटीपी पोऱ्याला सांगतो. ते कधीही करू नका. अधिकार रीतसर द्या, गुपित देऊ नका.

कॅश क्रेडिट असलेल्यांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. मालाचा तक्ता वेळेवर गेला पाहिजे, कारण त्यावरच किती उचल करता येईल ते ठरते. आणि आपण दिलेले चेक कोणत्या तारखेला लागणार आहेत त्याची यादी करून मागच्या माणसाकडे द्यावी. मौनात बसलेल्या माणसाचा चेक परत आला, तर बँक मौन पाळत नाही.

तारखाही पाहून घ्याव्यात. दरमहा विवरण भरणाऱ्यांना जीएसटीची ११ आणि २० तारीख असते. २१ तारखेला शिबिराला गेलेला माणूस पुढच्या महिन्याच्या १ किंवा २ तारखेला घरी येतो, म्हणजे कोणतीही तारीख चुकत नाही. अशा तारखांचे शिबिर शोधावे. ३१ मार्च आणि ऑडिटचे दिवस टाळावेत. कापूसवाल्यांनी दिवाळी ते शिवरात्र हलू नये, होळीनंतर जावे. बी-बियाणे आणि खतवाल्यांना मृगाच्या आधी आणि नंतर श्वास घ्यायला फुरसत नसते, त्यांनी डिसेंबर-जानेवारी पाहावा. कापडवाल्यांना आणि सराफांना पितृपंधरवडा मोकळा असतो, घरची तिथी सांभाळून जाता येते.

भगिनींनो, आता तुमच्याविषयी. आपल्याकडे कितीतरी दुकाने कागदावर वहिनींच्या नावावर आहेत. कर्ज त्यांच्या नावावर, परवाना त्यांच्या नावावर, आणि वहिनी बँकेत येतात ते फक्त सहीपुरत्या. फॉर्म पुढे केला की विचारतात, कुठे करू? मालकीणबाईंनाच आपल्या दुकानाचे देणे-घेणे ठाऊक नसावे हे शोभते का? किल्ली द्यायला माणूस शोधत आपण गावभर फिरतो आणि तो माणूस घरातच असतो. शिबिराला जाण्याआधी एक महिना रोज अर्धा तास वहिनींना, मुलीला, सुनेला खतावणी दाखवा. आणि ज्या भगिनी स्वतः खानावळ, शिवणकाम, पापड-मसाल्याचा धंदा चालवतात, त्यांनाही विसावा हवा असतो. त्यांच्या घरचा स्वयंपाक बारा दिवस कोण करील हा प्रश्नही याच मेळाव्याचा आहे.

शेवटी खर्चाचे, आणि थोडे राजकारणाचे. समजा रिसॉर्टचे शिबिर माणशी २५,००० रुपये पडले आणि ४० सभासद गेले, तर दहा लाख रुपये होतात. मंडळाच्या पैशातून हे केले तर जाणार कोण? ज्यांच्याकडे नोकर-चाकर आहेत तेच. पानटपरीवाला, छोटा किराणावाला, एकट्याने वर्कशॉप चालवणारा जाऊ शकणार नाही, कारण त्याचे दुकान बंद म्हणजे चूल बंद. त्याच दहा लाखांचा दुसरा हिशेब करू. छोट्या दुकानदाराला बारा दिवस बदली माणूस ठेवायला दिवसाला ६०० रुपये धरले तर ७,२०० रुपये लागतील. त्या रकमेत १३८ दुकानदार सुटतात. त्यांनी विपश्यनेला जावे, पंढरपूरला जावे की मुलीच्या घरी जावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

दुसरे, निवडणुकीचे दिवस आले की शिबिराला, सहलीला, स्नेहभोजनाला पुरस्कर्ते आपोआप सापडतात. पक्ष कोणताही असो, त्यांच्या खर्चाने जाऊ नये. बसचे भाडे ज्याने भरले तो परतीच्या प्रवासात मत मागतोच, आणि मग मराठी शाळेचा किंवा मार्केट यार्डाचा प्रश्न त्याच्यापुढे ताठ मानेने मांडता येत नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपण नेहमी म्हणतो, बाजार समितीत आपला माणूस नाही, नगरपालिकेत आपले कोणी बोलत नाही. का नाही? ज्याला दुकानातून दहा दिवस निघता येत नाही, त्याला समाजाच्या कामासाठी एक दुपार तरी निघता येते का? वर्ध्याचे जमनालाल बजाज कापसाच्याच व्यापारातले. १९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहापासून ते कितीदा तुरुंगात गेले. १९३८ साली रमण महर्षींच्या आश्रमात जाऊन आले, १९४१ साली आनंदमयी मातेकडे गेले आणि परतल्यावर त्यांनी गोसेवेला वाहून घेतले. इतक्या वेळा मालक बाहेर राहिला, पण पेढी बंद पडली नाही. पेढी बंद पडली असती तर देशकार्यही झाले नसते. आपण जमनालालजी होणार नाही, पण एका मीटिंगला तरी वेळेवर पोचू.

म्हणून मंडळापुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, यंदा मंडळाने कोणतेही एकच शिबिर सर्वांवर लादू नये, माहिती गोळा करून द्यावी आणि निवड सभासदावर सोपवावी. दुसरी, मंडळाचा पैसा छोट्या दुकानदारांच्या बदली माणसासाठी वापरावा. त्यासाठी निवृत्त दिवाणजी, हिशेब जाणणारी आपली मुले-मुली यांची यादी करावी, कामाचा मोबदला त्यांनाच मिळावा. तिसरी, एक रविवार ठरवून अधिकारपत्रे, वारसनोंद आणि चेकच्या याद्या यांची कामे सर्वांनी एकत्र बसून करावीत. नमुने भरायला मी आणि बँकेतले माझे आणखी काही मित्र मदतीला बसू, चहा मंडळाने द्यावा.

हे झाले की शिबिराला कुठे जायचे ते ठरवायला फार वाद घालावा लागणार नाही. आणि एखाद्याला कुठे जायचेच नसेल, तरी त्याच्या घरात त्याच्यामागे काय करायचे हे दुसऱ्या कोणाला तरी माहीत असेल.